भरलेली पदे ४०९, वेतन ३९६ जणांचे: आस्थापना आणि वेतनखर्चाचा ताळमेळ कसा घालावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात लेखा शाखेत नुकतेच रुजू झाला आहात. आस्थापना शाखेच्या विवरणपत्रात भरलेली पदे ४०९ दाखवली आहेत, तर सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून निघालेल्या मार्च २०२५ देय एप्रिल २०२५ च्या देयकात ३९६ कर्मचारी आहेत. वर्षापूर्वी याच महिन्याचे वेतन ४१२ जणांना मिळाले होते. म्हणजे सोळा माणसे कमी झाली आणि तरीही मासिक वेतनखर्च सुमारे दहा लाख रुपयांनी वाढला. वरिष्ठांनी याचा खुलासा मागितला आहे, आणि पुढे असा गोंधळ होऊ नये म्हणून एक्सेलचा एखादा चांगला नमुना तुम्हाला हवा आहे.

शासकीय लेखा आणि आस्थापनेच्या कामात माझी सत्तावीस वर्षे गेली आहेत, आणि नमुना मागणारे सहकारी मला दरवर्षी भेटत आले आहेत. नमुना मी सांगेनच. पण तुमची खरी अडचण नमुन्याची नाही. तुमच्या कार्यालयात तीन याद्या आहेत आणि त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. आस्थापना शाखा पदे मोजते, सेवार्थ वेतन घेणारी माणसे मोजते आणि बीम्स म्हणजे अर्थसंकल्प वितरण प्रणाली पैसा मोजते. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांशी जुळत नाहीत, कारण त्यांना जोडणारी चौथी नोंद कोणीच ठेवलेली नसते. ती नोंद पदनिहाय ठेवावी, माणसानिहाय ठेवू नये, हा माझ्या उत्तराचा गाभा आहे. बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

आधी एक खुलासा. मी जे सांगतो आहे ते ज्या कार्यालयांचे वेतन कोषागारातून, सेवार्थमार्फत आणि ‘०१ वेतन’ या उद्दिष्ट शीर्षाखाली, म्हणजे खर्चाचा प्रकार दाखवणाऱ्या शीर्षाखाली, निघते त्यांच्यासाठी आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे वेतन ‘३६ सहायक अनुदाने (वेतन)’ या शीर्षातून जात असेल, शाळांप्रमाणे शालार्थ ही वेतन प्रणाली वापरात असेल, किंवा तुमच्या एकाच कार्यालयाखाली पाच-सहा आहरण व संवितरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढून वाटणारे अधिकारी) असतील, तर तपशील बदलेल. तत्त्व मात्र तेच राहते.

आता पदनिहाय नोंद म्हणजे काय ते पाहू. आकृतीबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या रचनेचा, शासन निर्णय समोर ठेवा आणि त्यात मंजूर असलेल्या प्रत्येक पदाला एक कायमचा क्रमांक द्या. संवर्ग एक असला आणि पदे बावीस असली, तरी बावीस ओळी करा. प्रत्येक ओळीत पदनाम, वेतन स्तर, पद स्थायी की अस्थायी, कोणत्या शासन निर्णयाने निर्माण झाले, अस्थायी असल्यास मुदतवाढ कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि वेतन कोणत्या लेखाशीर्षातून निघते, हे लिहा. ही ओळ माणूस बदलला तरी बदलत नाही. त्या ओळीखाली माणसे येतात आणि जातात, आणि त्यांच्या येण्या-जाण्याची नोंद तारखेने होते.

एक ओळ जवळून दाखवतो. समजा पद क्रमांक ७३, लिपिक-टंकलेखक, वेतन स्तर एस-६. त्याखाली पहिली नोंद अशी: धारक ३१ मे २०२३ रोजी मध्यान्होत्तर सेवानिवृत्त. दुसरी: १ जूनपासून १८ सप्टेंबरपर्यंत रिक्त, एकूण ११० दिवस. तिसरी: १९ सप्टेंबरला अनुकंपा तत्त्वावर नियुक्त उमेदवार हजर, मूळ वेतन १९,९००. चौथी: २०२५ च्या जानेवारीत सहा महिन्यांसाठी दुसऱ्या कार्यालयात कामगिरीवर, वेतन मूळ आस्थापनेवरच. या चार ओळींत पदाचा, माणसाचा आणि पैशाचा इतिहास एकत्र येतो. तिमाही विवरणपत्रात याच पदाचे फक्त ‘भरलेले’ किंवा ‘रिक्त’ असे एका शब्दात उत्तर द्यावे लागते आणि बाकीचे सगळे हरवते. म्हणून विवरणपत्र हे या नोंदवहीतून निघाले पाहिजे. नोंदवही विवरणपत्रावरून भरायची नसते.

तुम्ही माणसानिहाय यादी ठेवलीत तर काय होते ते सांगतो, कारण बहुतेक कार्यालये तेच करतात. माणूस निवृत्त झाला की त्याची ओळ काढून टाकली जाते. ओळ गेली की रिक्त पदही दृष्टीआड होते. मग रिक्त पदांची संख्या ‘मंजूर वजा यादीतील माणसे’ अशा वजाबाकीने काढली जाते, आणि त्या वजाबाकीत निलंबित, प्रतिनियुक्तीवर गेलेले, विनावेतन रजेवरचे असे सगळेच मिसळतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयात वाहनचालकाचे एक पद असेच रिक्त दाखवले गेले होते. प्रत्यक्षात त्या पदावरचा कर्मचारी निलंबित होता आणि दरमहा निर्वाह भत्ता घेत होता. त्याचे नाव नियमित वेतनाच्या यादीतून वेगळ्या देयकात गेल्यामुळे आस्थापना शाखेला ते दिसले नाही. ते पद भरण्यासाठी मागणीपत्र गेले, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलीने माणूस आला, आणि चौदा महिन्यांनी निलंबित कर्मचाऱ्याला पुनःस्थापित करण्याचा आदेश निघाला तेव्हा एका पदावर दोन माणसे उभी राहिली. दोघांचाही काही दोष नव्हता. त्यांतील एकाचे वेतन चार महिने थांबले. त्या काळात तो रोज दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, आणि त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नसायचे. पदनिहाय नोंदवहीचा आग्रह मी तेव्हापासून धरला.

आता ४०९ आणि ३९६ यांतल्या तेरांच्या फरकाकडे वळू. हा फरक लपवायचा किंवा ‘जुळवून’ टाकायचा नसतो. तो नावानिशी उलगडून एका पानावर मांडायचा असतो. माझ्या अनुभवात तो साधारण पुढील कारणांनी पडतो. काही कर्मचारी प्रतिनियुक्तीवर असतात. त्यांचा धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावरचा हक्क, तुमच्या पदावर असतो आणि वेतन दुसरीकडून निघते. काही असाधारण, म्हणजे विनावेतन रजेवर असतात. काही बदलीने येऊन हजर झालेले असतात, परंतु आधीच्या कार्यालयाकडून अंतिम वेतन प्रमाणपत्र (तिथे शेवटचे वेतन किती आणि कधीपर्यंत दिले याचा दाखला) आलेले नसते किंवा सेवार्थमध्ये त्यांना तिथून मुक्त केलेले नसते, त्यामुळे काम तुमच्याकडे सुरू असते आणि वेतन कुठेच निघत नसते. काही अस्थायी पदांवर असतात आणि मुदतवाढीचा शासन निर्णय वेळेत न आल्यामुळे त्या पदांचे वेतन अडकलेले असते. उलट दिशेचेही एक कारण आहे: अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदावरचा कर्मचारी. डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानुसार ज्यांचा अनुसूचित जमातीचा दावा अवैध ठरला त्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्यात आले. ते वेतन तुमच्याकडून घेतात, पण आकृतीबंधातील मंजूर पदावर ते नसतात.

समजा तुमच्याकडे प्रतिनियुक्तीचे पाच, विनावेतन रजेचे दोन, अंतिम वेतन प्रमाणपत्राअभावी अडकलेले तीन आणि मुदतवाढीअभावी अडकलेले चार असे चौदा निघाले आणि अधिसंख्य पदावरचा एक निघाला, तर ४०९ वजा १४ अधिक १ म्हणजे ३९६ झाले. तुमचे प्रत्यक्ष आकडे वेगळे असतील, परंतु मांडणी अशीच हवी, आणि प्रत्येक आकड्यामागे पदक्रमांक हवेत. या मांडणीचा खरा उपयोग वरिष्ठांना खूश करण्यापलीकडचा आहे. वरच्या उदाहरणात सात माणसे काम करूनही वेतनाविना आहेत, हे त्याच पानावर उघड होते. त्यांचा प्रश्न त्या दिवशीच सोडवायला घ्यावा.

मुदतवाढीच्या बाबतीत एक पथ्य पाळा. अस्थायी पदांच्या मुदतवाढीच्या तारखेचा स्वतंत्र रकाना करून ती तारीख साठ दिवसांवर आली की ओळ रंगीत होईल अशी सोय एक्सेलमध्ये सहज करता येते. मंत्रालयातून आदेश यायला वेळ लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे; पण आपला प्रस्तावच उशिरा गेला असेल तर तिकडे बोट दाखवण्यात अर्थ नसतो.

‘भरलेले’ या शब्दाबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण लोकांना मिळणाऱ्या सेवेचा प्रश्न इथेच येतो. माझ्या मते प्रत्येक कार्यालयाने चार संख्या दरमहा स्वतंत्रपणे काढाव्यात: मंजूर पदे, धारक असलेली पदे, वेतन निघालेली माणसे आणि त्या कार्यालयात प्रत्यक्ष काम करणारी माणसे. चौथी संख्या कोणी मागत नाही, म्हणून कोणी ठेवत नाही. ग्रामीण रुग्णालयातला औषधनिर्माता जिल्ह्याच्या ठिकाणी कामगिरीवर असतो आणि विवरणपत्रात त्याचे पद भरलेले असते. तालुक्याचा भूमापक मोजणीच्या कामाऐवजी मुख्यालयातील नोंदणी शाखेत बसतो, तरी तालुक्याचे पद भरलेलेच दिसते. कागदावर रिक्त पद नसल्यामुळे तिथे नवा माणूस मिळत नाही, आणि खिडकीपुढची रांग मात्र कमी होत नाही. त्या रांगेतल्या माणसाला आपण कागदावर उत्तर देऊन ठेवलेले असते आणि प्रत्यक्षात काहीच दिलेले नसते, ही गोष्ट मला नोकरीभर बोचत आली आहे. तुमच्या नोंदवहीत ‘प्रत्यक्ष कामाचे ठिकाण’ हा रकाना जरूर ठेवा, तो कोणी मागो अथवा न मागो.

याच कारणाने कंत्राटी आणि बाह्यस्रोताद्वारे घेतलेल्या मनुष्यबळाची वेगळी यादी ठेवा. त्यांचा खर्च ‘१० कंत्राटी सेवा’ या शीर्षाखाली जातो, काही अभियानांत तो कोषागाराऐवजी सोसायटीच्या खात्यातून होतो, आणि सेवार्थमध्ये ते दिसतच नाहीत. वेतन शीर्षातला खर्च घटला आणि कंत्राटी सेवांचा वाढला, तर ती बचत समजू नये. दोन्ही रकमा शेजारी ठेवून पाहिल्या तरच मनुष्यबळावर एकूण किती खर्च झाला हे कळते. तसेच १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत शासनाचे अंशदान मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्के असते. ते तुमच्या मासिक वेतनखर्चात दिसत नसले तरी नव्या पदाचा प्रस्ताव करताना ते धरले पाहिजे. बिंदुनामावलीतल्या, म्हणजे आरक्षणाच्या नोंदवहीतल्या, संख्यांशी मात्र या नोंदवहीची तुलना करत बसू नका. ती संवर्गनिहाय नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या स्तरावर ठेवली जाते, कार्यालयनिहाय नव्हे.

आता खर्चाकडे येतो. माणसे घटली आणि खर्च वाढला, यात विसंगती वाटते, कारण आपण ‘माणसे गुणिले वेतन’ या गुणाकारातील एकाच बाजूकडे पाहतो. तुमचे सरासरी मूळ वेतन तुम्ही दिलेले नाही, म्हणून समजण्यासाठी मी ते मार्च २०२४ मध्ये ४५,००० रुपये धरतो. घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता बाजूला ठेवू. त्या महिन्याच्या वेतनात महागाई भत्ता ४६ टक्के होता. म्हणजे दरडोई ६५,७०० रुपये आणि ४१२ जणांचे २,७०,६८,४०० रुपये. मार्च २०२५ मध्ये वार्षिक वेतनवाढीमुळे सरासरी मूळ वेतन तीन टक्क्यांनी वाढून ४६,३५० झाले आणि महागाई भत्ता ५३ टक्के झाला. दरडोई ७०,९१५ रुपये ५० पैसे, आणि ३९६ जणांचे २,८०,८२,५३८ रुपये. वाढ १०,१४,१३८ रुपयांची.

ही वाढ तीन तुकड्यांत फोडा. सोळा माणसे कमी झाल्यामुळे जुन्या दराने १०,५१,२०० रुपये वाचले. उरलेल्या ३९६ जणांच्या वेतनवाढीने, जुन्याच महागाई भत्त्यासह, ७,८०,५१६ रुपये वाढले. महागाई भत्त्यातील सात टक्क्यांच्या फरकाने नव्या मूळ वेतनावर १२,८४,८२२ रुपये वाढले. शेवटच्या दोन रकमांची बेरीज २०,६५,३३८ होते. त्यातून पहिली वजा केली की नेमके १०,१४,१३८ उरतात. एवढी एक मांडणी केली की वरिष्ठांचा प्रश्न सुटतो: माणसे कमी झाल्याची बचत झाली आहे, ती पूर्णपणे दिसते आहे, आणि दरातील वाढीने तिच्यावर मात केली आहे.

प्रत्यक्षात मात्र सरासरी इतकी सरळ चालत नाही. जे निवृत्त होतात ते वेतन स्तराच्या वरच्या टोकाला असतात आणि जे येतात ते पहिल्या घरात. कार्यालयीन अधीक्षक निवृत्त झाला की वरिष्ठ लिपिक पदोन्नतीने वर जातो, त्याच्या जागी कनिष्ठ येतो, आणि साखळीच्या शेवटी एक नवा लिपिक-टंकलेखक १९,९०० रुपयांवर रुजू होतो. निवृत्त झालेल्याचे मूळ वेतन ७०,००० असेल तर संख्या तेवढीच राहूनही मूळ वेतनात ५०,१०० रुपयांचा आणि ५३ टक्के महागाई भत्ता धरून दरमहा ७६,६५३ रुपयांचा फरक पडतो. पदोन्नतीच्या वेतननिश्चितीने त्यातला थोडा भाग परत जातो. ज्या वर्षी मोठी भरती होते त्या वर्षी माणसे वाढूनही सरासरी वेतन घटते, ते यामुळे. उलट ज्या कार्यालयात दहा-दहा वर्षे भरती झालेली नाही, तिथे १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारे आश्वासित प्रगती योजनेचे (पदोन्नती न मिळाल्यास वरच्या वेतन स्तराचे) लाभ एकाच सुमारास अनेकांना लागू होतात आणि सरासरी उडी मारते. म्हणून सरासरीवर विसंबण्याऐवजी पदनिहाय नोंदवहीत प्रत्येक धारकाचे मूळ वेतन, पुढील वेतनवाढीचा महिना (सातव्या वेतन आयोगानंतर जानेवारी किंवा जुलै) आणि आश्वासित प्रगतीची पुढील तारीख लिहून ठेवा. मग पुढच्या वर्षीचा खर्च अंदाजाने सांगावा लागत नाही. तो बेरजेने निघतो.

खर्चातील बदलाचे माणसे आणि दर (वेतनवाढ व महागाई भत्ता) हे दोन भाग झाले. तिसरा भाग दिनदर्शिकेचा, आणि नवखी माणसे इथे हमखास चुकतात. आपले वेतन महिना संपल्यावर देय होते. मार्चचे वेतन एप्रिलमध्ये, म्हणजे पुढील आर्थिक वर्षात पडते. त्यामुळे २०२४-२५ चा वेतनखर्च हा मार्च २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या बारा महिन्यांच्या वेतनाचा असतो. देयकावर ‘मार्च देय एप्रिल’ असे लिहिण्याची आपली पद्धत याचसाठी आहे, आणि तुमच्या तक्त्यातही प्रत्येक महिन्याला वेतनाचा महिना आणि देय महिना असे दोन रकाने हवेत. नाहीतर ३१ मे रोजी निवृत्त झालेल्या माणसाचे वेतन जूनच्या खर्चात पाहून तुम्ही गोंधळाल. सणापूर्वी वेतन लवकर दिले जाते तेव्हाही हाच पेच येतो. ऑगस्ट २०२५ चे वेतन गणेशोत्सवापूर्वी ऑगस्टमध्येच देण्यात आले. त्या महिन्याच्या खर्चात दोन वेतने दिसतात आणि सप्टेंबर रिकामा दिसतो. देय महिन्यांवरून आलेख काढणाऱ्याला तिथे एकदम शिखर आणि मग दरी दिसेल. वेतनाच्या महिन्यावरून काढणाऱ्याला सरळ रेषा दिसेल.

३१ मे ही तारीख मी मुद्दाम घेतली. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असंख्य माणसे आहेत, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दरवर्षी ३१ मे रोजी एकाच दिवशी पुष्कळ पदे रिकामी होतात. वय ५८, गट ड साठी ६०. जन्मतारखा सेवापुस्तकात आहेतच. पुढील पाच वर्षांच्या मे महिन्यांत तुमच्याकडून किती माणसे जाणार, हे आज दुपारच्या आत सांगता येते. ते आधी सांगितले तर मागणीपत्र वेळेत जाते आणि पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याची कार्यालये ओस पडत नाहीत.

चौथा भाग एकदाच येणाऱ्या रकमांचा आहे: थकबाकी, वेतननिश्चितीतील फरक, निलंबन काळ नियमित झाल्यावर द्यायची रक्कम. महागाई भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैपासून लागू होतो, आदेश मात्र मागाहून निघतात. १ जुलै २०२४ पासूनचा ५३ टक्के दर राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये लागू करण्याचा आदेश निघाला आणि जुलै ते जानेवारी अशा सात महिन्यांची थकबाकी फेब्रुवारीच्या वेतनासोबत द्यायची होती. तीन टक्के गुणिले सात म्हणजे मूळ वेतनाच्या २१ टक्के. ४५,००० मूळ वेतनावर दरडोई ९,४५० आणि चारशे माणसांचे ३७,८०,००० रुपये, तेही मार्चमध्ये, जेव्हा तरतूद संपत आलेली असते. ज्यांनी आठमाही सुधारित अंदाजात याची तजवीज केली होती त्यांना अडचण आली नाही. ज्यांनी ‘मागील वर्ष अधिक दहा टक्के’ एवढेच गणित केले होते त्यांना अनुदानासाठी धावाधाव करावी लागली. त्या दहा टक्क्यांच्या पद्धतीत आणखी एक दोष आहे: मागील वर्षाच्या खर्चात थकबाकी मिसळलेली असते, ती पुढच्या वर्षीही गृहीत धरली जाते, आणि मग मार्चअखेर उरलेली रक्कम समर्पित, म्हणजे शासनाला परत, करावी लागते. म्हणून तुमच्या तक्त्यात नियमित वेतन आणि एकदाच येणाऱ्या रकमा कधीही एका रकान्यात लिहू नका.

इथवर जे सांगितले त्याची एकदा उजळणी करतो. नोंदवही पदनिहाय आणि तारखेने ठेवायची. दरमहा चार संख्या काढायच्या आणि त्यांतील फरक पदक्रमांकांनिशी लिहायचा. खर्चातील बदल माणसे, दर, दिनदर्शिका आणि एकदाच येणाऱ्या रकमा असा चार भागांत फोडायचा.

राहिला खर्चमेळ, म्हणजे आपला खर्च आणि कोषागाराच्या नोंदी जुळवणे. वेतनखर्च म्हणून हातात पडणारी निव्वळ रक्कम धरू नका. कपातीपूर्वीची संपूर्ण रक्कम धरा. प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, गटविमा या कपाती वेतन शीर्षावरच खर्ची पडलेल्या असतात. अतिप्रदानाची, म्हणजे जादा दिल्या गेलेल्या रकमेची, वसुली मात्र वेगळी दाखवा. दर महिन्याला सेवार्थच्या देयकाची रक्कम, बीम्सवरचा खर्च आणि कोषागाराचे प्रमाणक (व्हाउचर) या तीन रकमा शेजारी लिहा आणि फरक असेल तर त्याच महिन्यात शोधा. तीन महिन्यांनी महालेखापालांच्या नोंदींशी मेळ घालताना चुकीच्या लेखाशीर्षावर पडलेले एखादे देयक सापडले की ते दुरुस्त करायला पत्रव्यवहाराची एक पूर्ण नस्ती लागते. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाला कर्मचारी माहितीकोषासाठी १ जुलै हा संदर्भ दिनांक धरून माहिती द्यावी लागते. तुमची नोंदवही त्या दिवशी पूर्णपणे तपासून घ्या, म्हणजे वर्षातून एकदा तरी बाहेरच्या मोजणीशी ती पडताळली जाईल.

तुम्ही विचाराल की एवढ्या काटेकोरपणाचा मोबदला काय. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याने ७५ हजार पदभरतीच्या निमित्ताने निर्बंध शिथिल केले, तेव्हा ज्या विभागांचा सुधारित आकृतीबंध मंजूर होता त्यांना सरळसेवेची रिक्त पदे शंभर टक्के आणि इतरांना ऐंशी टक्के भरण्याची मुभा मिळाली. ज्या कार्यालयांकडे रिक्त पदांची पदनिहाय, तारीखनिहाय यादी तयार होती त्यांची मागणीपत्रे आठवडाभरात गेलेली मी पाहिली. इतरांना आधी आपल्याकडे किती पदे रिक्त आहेत याचाच शोध घ्यावा लागला.

एक्सेलबद्दल दोनच सूचना. एक फाइल, तीन पाने: पहिल्यावर पदे, दुसऱ्यावर हालचाली तारखेनिशी, तिसऱ्यावर मासिक वेतन, तिन्ही पदक्रमांकाने जोडलेली. आणि या फाइलमध्ये बँक खाते क्रमांक, आधार, पॅन यांपैकी काहीही ठेवू नका, कारण ती दहा जणांकडे फिरणार आहे आणि त्या माहितीचे या कामात काही प्रयोजन नाही.

शेवटी वरिष्ठांना द्यायच्या टिपणीचा मसुदा देतो. आकडे तुमचे घाला.

“मार्च २०२४ देय एप्रिल २०२४ च्या तुलनेत मार्च २०२५ देय एप्रिल २०२५ च्या नियमित वेतनखर्चात रु. १०,१४,१३८ इतकी वाढ झाली आहे. वेतनधारकांची संख्या ४१२ वरून ३९६ झाल्यामुळे खर्चात रु. १०,५१,२०० ची घट झाली. वार्षिक वेतनवाढीमुळे रु. ७,८०,५१६ ची आणि महागाई भत्ता ४६ टक्क्यांवरून ५३ टक्के झाल्यामुळे रु. १२,८४,८२२ ची वाढ झाली. आस्थापना विवरणपत्रातील भरलेली पदे ४०९ व वेतनधारक ३९६ यांतील फरकाचा पदनिहाय तपशील सोबत जोडला आहे. त्यांपैकी ७ कर्मचारी हजर असूनही त्यांचे वेतन अंतिम वेतन प्रमाणपत्र व मुदतवाढ आदेशाअभावी प्रलंबित आहे. त्यासाठीच्या पत्रांचे मसुदे स्वाक्षरीसाठी सादर.”

त्या सात जणांच्या पत्रांचे मसुदे टिपणीसोबतच ठेवा, मागाहून नको.